घरची माणसे दूर गेल्यावर दिवसाची घडी पुन्हा कशी बसवावी

मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात परदेशी राहायला गेली, त्याला आता चार वर्षे होतील. त्यांना निरोप देऊन घरी परतल्यावर पहिला आठवडाभर मी एकच उद्योग केला. फोनमधल्या हवामानाच्या यादीत त्यांच्या शहराचे नाव घातले आणि तासातासाला तिथले तापमान पाहत बसलो. तिथे पाऊस पडतो आहे हे कळून माझ्या हातून काहीच होणार नव्हते; नातीची छत्री उघडून द्यायला मी तिथे नव्हतो. पण ज्या हातांना रोज तिचे दप्तर उचलण्याची, बुटांच्या नाड्या बांधण्याची आणि रात्री पाठीवर थोपटण्याची सवय लागली होती, त्यांना काहीतरी करायचे होते, आणि समोर फक्त फोन होता.

मला जे सांगायचे आहे ते या हातांपासूनच सुरू होते. माणसे दूर गेल्यावर जे दुःख होते, ते पुष्कळसे काम सुटलेल्या मायेचे दुःख असते. माया होती तेवढीच असते, तिचा रोजचा व्यवहार मात्र एका दिवसात बंद पडतो. अशा वेळी श्रद्धेकडे आणि निसर्गाकडे वळायचे ते रिकामी झालेली जागा भरून काढण्यासाठी नव्हे, कारण ती भरत नाही आणि ती भरावी असेही मला वाटत नाही. या मायेला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, थोडेच पण रोज करता येईल असे काम मिळावे, एवढ्यासाठी वळायचे. पुढे जे लिहिले आहे ते सारे या एका धोरणाने वाचावे.

दुःखाला आधी ओळखून घ्यावे

कुणी वारले तर लोक भेटायला येतात, शेजारी बसतात, रडणाऱ्याला रडू देतात. माणसे दूर राहायला गेली की मात्र अभिनंदन होते. "मुलांचे भले झाले, आता कशाची काळजी," "हल्ली रोज दिसतात की फोनवर," हे ऐकून घ्यावे लागते, आणि त्यात खोटे काहीच नसल्यामुळे आपल्याला वाईट वाटते याचीच लाज वाटू लागते. या अवघड जागेच्या दुखण्याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकन संशोधिका पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना, या प्रकारच्या वियोगाची मांडणी केली. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल. माणूस घरात नसतो पण मनात पूर्णपणे असतो, त्यामुळे शोक पुरा होत नाही आणि भेटीचा आनंदही पुरा मिळत नाही. स्थलांतराने दुरावलेली कुटुंबेही पुढे या मांडणीत आली. आपल्या अस्वस्थतेला शेवट का सापडत नाही, हे एवढ्याने समजले तरी मनावरचा निम्मा भार हलका होतो, कारण मग आपण स्वतःला "सावर, सावर" म्हणून टोचणे थांबवतो.

आणखी एक भेद उपयोगी पडतो. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले: चार माणसांत वावर नसल्याने येणारा, आणि एखादे जिवाभावाचे माणूस जवळ नसल्याने येणारा. पहिल्यावर ओळखीपाळखी आणि मंडळे हा उतारा आहे, दुसऱ्यावर नाही. म्हणून "जरा लोकांत मिसळा" हा सल्ला पाळूनही घरी परतताना पोटात खड्डा पडत असेल, तर आपल्यात काही कमी आहे असे समजू नये. तो सल्ला दुसऱ्या दुखण्यावरचा होता.

ओळख झाल्यावर कागद घ्यावा आणि त्या माणसांसाठी आपण रोज काय काय करत होतो ते बारीकसारीक लिहून काढावे. "काळजी घेत होतो" असे मोघम लिहू नये. माझ्या कागदावर अकरा गोष्टी उतरल्या, आणि त्यांतली आठवी होती "जिन्यातून वर येताना हाक मारणे". ती लिहिताना पेन थांबले, तेव्हा कुठे मला कळले की संध्याकाळी मी जिन्यातच का रेंगाळतो. हा कागद पुढच्या कामाचा नकाशा आहे, तो जपून ठेवावा. ज्या वेळी जे काम सुटले, त्याच वेळी त्याच्या जागी एक छोटे काम ठेवायचे आहे.

प्रार्थनेला वेळ, जागा आणि शब्द

श्रद्धा कोणतीही असो, सुरुवात वेळेपासून करावी. पुष्कळ जण पहाटेची वेळ निवडतात, कारण पहाट प्रार्थनेला चांगली असे सगळे म्हणतात. पण इथे प्रश्न चांगल्या वेळेचा नसून दुखऱ्या वेळेचा आहे. आठवडाभर नुसते लक्ष ठेवावे की दिवसातला कोणता तास सर्वांत जड जातो. कुणाला तिन्हीसांजा जड जातात, कुणाला सुट्टीच्या दिवसाची दुपार, कुणाला रात्री दिवे मालवल्यानंतरची पंधरा मिनिटे. माझी वेळ रात्री साडेआठची निघाली, कारण नात तेव्हा झोपत असे. त्या वेळेवरच प्रार्थना ठेवावी, रोज, आणि सुरुवातीला दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. पहिल्या उत्साहात तासभर बसणारा माणूस दुसऱ्या आठवड्यात अजिबात बसत नाही. जागाही एकच असावी, मग ती खिडकीजवळची खुर्ची असली तरी चालेल. ज्या दिवशी मनात भक्तीचा टिपूससुद्धा नसतो, त्या दिवशी आपल्याला नेऊन बसवण्याचे काम ती खुर्ची आणि ते घड्याळच करतात.

शब्द मोठ्याने आणि सावकाश उच्चारावेत, यामागे शरीराचे एक कारण आहे. इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास मोजला. हे संशोधन २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. दोन परंपरा एकमेकींपासून इतक्या लांबच्या, पण दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरत होती, आणि त्याबरोबर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांची लयही जुळून येत होती. ओळ लांब असते, ती म्हणताना श्वास सावकाश सुटतो आणि घाबरे झालेले शरीर निवते. म्हणून तुमच्या परंपरेतले जे पाठ असेल ते, स्तोत्र असो, नामजप असो, आयत असो की भजनाची ओळ, मनातल्या मनात भराभर उरकू नये. आवाज बसका असला तरी ऐकणारा तक्रार करत नाही.

पाठ झालेल्या शब्दांनंतर स्वतःचे शब्द येतात. ते मी तीन टप्प्यांत बोलतो.

पहिला टप्पा नावांचा. दूर गेलेल्या प्रत्येकाचे नाव घ्यावे आणि त्या नावापुढे त्या दिवसाची एक खरी गोष्ट ठेवावी: आज हिचा शाळेतला कार्यक्रम, आज त्याची नव्या कामातली पहिली बैठक, आज सुनेला सर्दी. यासाठी फोनवर बोलताना "कसे आहात" एवढ्यावर न थांबता "उद्या काय आहे" असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. या प्रश्नाने बोलणेही बदलते. चौकशी संपून गप्पा सुरू होतात. मात्र एक धोका ध्यानात ठेवावा. नाव घेता घेता मन त्यांच्या घरभाड्यावर, बर्फावरून गाडी घसरण्यावर, व्हिसाच्या मुदतीवर जाते, आणि प्रार्थनेच्या नावाखाली काळजीची उजळणी सुरू होते. मी कित्येक महिने हेच करत होतो आणि त्याला भक्ती समजत होतो. मन असे भरकटलेले लक्षात आले की त्याच्याशी वाद घालू नये. पुन्हा नुसते नाव घ्यावे.

दुसरा टप्पा तक्रारीचा, आणि तो कुणी गाळू नये असे माझे मत आहे. देवापुढे कुरकुर करणे म्हणजे अश्रद्धा, अशी समजूत अनेकांच्या मनात पक्की असते. परंपरा तसे सांगत नाहीत. यहुदी आणि ख्रिस्ती धर्मांत पठण होणाऱ्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत, "किती काळ?" असा सरळ सवाल त्यांत देवाला केलेला आहे. मराठी संतांनी तर विरहिणी हा रचनेचा एक वेगळा प्रकारच केला, ज्यात दुरावलेल्याची तळमळ लपवून न ठेवता तीच देवापुढे ठेवलेली असते. तेव्हा "मला हे आवडलेले नाही, घर खायला उठते आहे" असे स्पष्ट म्हणावे. म्हटल्यावर जीभ झडत नाही, उलट झोप बरी लागते.

तक्रार मात्र स्वतःच्या निवाड्याकडे वळू लागली तर सावध व्हावे. धर्म आणि मानसिक ताण यांचा दीर्घ अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी श्रद्धेच्या आधाराचे दोन मार्ग दाखवले आहेत. देव या कठीण काळात सोबत आहे असे मानणारी माणसे साधारणपणे तगून निघतात. देवाने टाकले, ही माझ्या पापांची शिक्षा आहे, असे मानत राहणाऱ्यांची प्रकृती आणि मन दोन्ही ढासळण्याकडे कल असतो. मुले दूर गेली यात कुणाच्या कर्माचा हिशेब चुकता होत नाही. बहुधा तिथे नोकरी होती, एवढेच असते. शिक्षेचा हा विचार मनातून हटत नसेल तर आपल्या धर्मातल्या एखाद्या समंजस, वडीलधाऱ्या माणसाशी बोलावे, आणि तो माणूस भीती घालणारा निघाला तर दुसरा शोधावा.

तिसरा टप्पा सोपवण्याचा. निरोप घेताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांतल्या निरोपाच्या जुन्या शब्दांचा मूळ अर्थ "देवाच्या हवाली" असा आहे. आणि इस्लामी परंपरेत प्रवासाला निघणारा मागे राहणाऱ्यांना अशा ईश्वराकडे ठेव म्हणून सोपवतो, ज्याच्याकडची ठेव कधी हरवत नाही. जगभरच्या माणसांना दारात उभे राहून हेच सुचलेले आहे. रोजच्या प्रार्थनेचा शेवट अशा एका वाक्याने करावा, आणि ते वाक्य रोज तेच असावे. माझे वाक्य साधे आहे: "माझा हात पोहोचत नाही, तुझा पोहोचतो." हे म्हणून झाल्यावर मी हातातली माळ खाली ठेवतो आणि रिकामे तळवे काही क्षण मांडीवर उघडे ठेवतो. डोक्याला पटायच्या आधी हे हाताला पटते, असा माझा अनुभव आहे.

आठवड्यातून एकदा सामूहिक उपासनेला जावे, पण केवळ ऐकणारा म्हणून नव्हे. तिथे काहीतरी काम मागून घ्यावे: खुर्च्या लावणे, पुस्तके वाटणे, लहान मुलांच्या वर्गाला मदत करणे. कागदावरच्या यादीतली एकदोन कामे इथे पुन्हा हाताला लागतात. कुणाची मुले कुठे आणि कितीदा भेटायला येतात या गप्पांत जिथे वेळ जातो, त्या कोपऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

ज्यांची देवावर श्रद्धा नाही त्यांनी हा भाग सोडून देण्याचे कारण नाही. वेळ, जागा, सावकाश श्वास, नावे आणि उघडे तळवे यांतले काहीच आस्तिकांच्या मालकीचे नाही.

झाड, वाट आणि आकाश

निसर्गाबद्दल लिहिताना लोक लगेच डोंगर आणि समुद्र गाठतात. दुःखात असलेल्या माणसाला डोंगर परवडत नाही. त्याला घराच्या पायरीपर्यंत पोहोचणेही जड जात असते. म्हणून इथेही लहान आणि रोजचे हेच सूत्र धरावे. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकूण १२० मिनिटे किंवा जास्त वेळ झाडाझुडपांत, बागेत, पाण्याकाठी घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती आणि मन बरे असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले, आणि ती मिनिटे एकाच दिवशी मिळाली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. अशा पाहणीवरून बाहेर जाण्यामुळेच बरे वाटले असे छातीठोक म्हणता येत नाही, कारण बरी माणसेच जास्त बाहेर पडत असतील. तरीही आठवड्यातले सहा दिवस वीस मिनिटे हे गणित कुणालाही झेपणारे आहे आणि त्यात गमावण्यासारखे काही नाही.

ही वीस मिनिटे यादीतल्या एखाद्या सुटलेल्या कामाच्या वेळी ठेवावीत. मी नातीला शाळेत सोडायला ज्या वेळी निघत असे त्याच वेळी निघतो, फक्त शाळेच्या विरुद्ध दिशेला. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडल्याने शरीराचे घड्याळ ताळ्यावर राहते आणि रात्रीच्या झोपेला मदत होते, हा वरचा लाभ. वाट निवडताना शक्यतो झाडांची निवडावी. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ३८ जणांपैकी काहींना झाडे आणि गवत असलेल्या भागात, तर काहींना वर्दळीच्या रस्त्याकडेने नव्वद मिनिटे चालायला लावले. झाडांतून चालून आलेल्यांचे मनातल्या मनात तेच ते उगाळणे कमी झाले, रस्त्याकडेने चालणाऱ्यांचे झाले नाही. याचे कारण रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने आधीच मांडून ठेवले होते: पाने हलताना, पाणी वाहताना, ढग सरकताना लक्ष वेधले जाते, पण जबरदस्तीने ओढले जात नाही, आणि थकलेल्या मनाला तेवढ्यात विसावा मिळतो.

अर्थात झाडाखालून चालतानाही डोके खाली घालून आपलेच दळण दळत राहणे सहज शक्य असते. त्यावर एक युक्ती आहे. वाटेत पाच वेगवेगळे आवाज मोजायचे, आणि पाचवा मिळेपर्यंत फोनला हात लावायचा नाही. पहिले तीन लगेच मिळतात. चौथ्यासाठी पावले आपोआप मंदावतात. पाचव्यासाठी उभे राहावे लागते, आणि त्या उभ्या राहण्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

याशिवाय एक झाड आपले मानावे, मग ते कुंडीतले का असेना. माझे जास्वंदीचे आहे. संध्याकाळी तिची कळी पिळून ठेवलेल्या फडक्यासारखी असते, पाकळ्या एकमेकींभोवती घट्ट गुंडाळलेल्या. सकाळी फिरून येईपर्यंत पाच पाकळ्या मागे वळलेल्या असतात, मधून लांब दांडा बाहेर आलेला, त्यावर पिवळ्या परागांचे कण आणि अगदी टोकाला पाच लाल मखमली ठिपके. हे फूल साधारणपणे एकच दिवस टिकते. संध्याकाळी पाकळ्या पुन्हा मिटू लागतात आणि दुसऱ्या दिवशी सबंध फूल खाली पडलेले मिळते. पहिल्या वर्षी ते पडलेले फूल पाहून मला गलबलून येत असे. पुढे लक्षात आले की मी खाली पाहत होतो तेव्हा वर दुसरी कळी तयार होती, आणि तिला पाणी घालायचे राहिले होते. मातीत बोट पहिल्या पेरापर्यंत घालून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. दुःखी माणूस झाडाला जास्त पाणी घालून मारतो, हे मी दोन कुंड्या गमावून शिकलो.

सुरुवातीला प्रत्येक फुलाचा फोटो नातीला पाठवत होतो. मग फूल पाहण्याआधी फोटोचाच विचार येऊ लागला, उत्तर आले नाही तर फूलही फुकट गेल्यासारखे वाटू लागले, म्हणून ते थांबवले. आता रविवारी एक फोटो जातो, बाकीची फुले माझी.

ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवावी. हे सांत्वनापुरते सांगत नाही. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेलेले आणि तीव्र वेदनाशामके त्यांना कमी लागलेली आढळली.

आकाशाचा उपयोग मात्र दूर गेलेल्या माणसांसाठी सर्वांत खास आहे, कारण ते दोन्हीकडे असते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून तुमच्याकडे उगवलेला चंद्र त्यांच्याकडे काही तासांनी किंवा काही तास आधी उगवतो; पण त्या दिवसाची कला दोन्हीकडे तीच असते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे लक्षात ठेवले तर शोधायला सोपे जाते. ती माणसे दक्षिण गोलार्धात असतील तर तिथे तोच चंद्र उलटा दिसतो, कोरीचा उजळ भाग दुसऱ्या बाजूला असतो, आणि मुलांना या गोष्टीची मोठी गंमत वाटते. ताऱ्यांपैकी ध्रुवतारा या कामाचा नाही, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेलेल्यांना तो दिसतच नाही. मृग नक्षत्र निवडावे. त्याच्या मधोमध एका ओळीत असलेले तीन तारे आकाशातल्या विषुववृत्ताजवळ असल्यामुळे माणसांची वस्ती असलेल्या जवळजवळ साऱ्या भूभागावरून दिसतात, आणि डिसेंबर ते मार्च या काळात संध्याकाळनंतर ते ओळखणे सोपे असते. नातीला ती ओळ एकदा फोनवर समजावून दिली. आता आमच्याकडे ते तारे वर आले की मी नावांची प्रार्थना गच्चीवर करतो. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते, पण संध्याकाळी ती ते पाहणार आहे हे मला ठाऊक असते.

पक्ष्यांविषयी एकच गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. २०२२ मध्ये अंगावर मापकयंत्र लावलेला गॉडविट जातीचा एक पक्षी अलास्काहून निघाला आणि अकरा दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोहोचला. तो तेव्हा जेमतेम पाच महिन्यांचा होता. या जातीतले प्रौढ पक्षी आधी निघून जातात, पिल्ले मागाहून आपापली वाट काढतात. मुलगा पस्तीस वर्षांचा असूनही "तिथे त्याचे कसे होईल" या चिंतेत मी होतो, तेव्हा हे वाचनात आले आणि मला आधी हसू आले, मग थोडे बरे वाटले.

फोनला त्याच्या जागी ठेवणे

फोन हवाच, पण तो आधाराची मुख्य भिंत होऊ नये. बोलण्याचे दिवस ठरवून घ्यावेत, म्हणजे उरलेल्या दिवशी वाट पाहण्याचा जाच राहत नाही. व्हिडिओ कॉल संपल्यावर घर अधिकच सुने वाटते. त्या क्षणी सोफ्यावर बसून न राहता उठून कुंडीपाशी किंवा गच्चीवर पाच मिनिटे जावे, हे आधीच ठरवून टाकावे. दोन्ही घरांत एकाच जातीचे रोप लावण्याची कल्पना चांगली आहे, मात्र बी पाकिटातून पाठवू नये. बहुतेक देशांत परदेशी बियाणे आणि रोपे यांच्यावर रोगराईच्या भीतीने निर्बंध असतात. त्यांनी त्याच जातीचे रोप तिथेच विकत घ्यावे.

एवढ्यावर भागत नाही तेव्हा

दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसातला बहुतेक वेळ मन उदास राहत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, एरवी आवडणाऱ्या कशातच गोडी उरली नसेल, तर प्रार्थना वाढवून किंवा जास्त चालून पाहू नये, डॉक्टरांना दाखवावे. जगणे नको असा विचार डोकावला तर दोन आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि मदत घ्यावी. उपचार घेतल्याने श्रद्धा कमी पडली असे ठरत नाही. औषध घेणाऱ्या माणसाला प्रार्थना करायला कुणी बंदी केलेली नाही.

ती येतात आणि पुन्हा जातात तेव्हा

भेटीच्या दिवसांत प्रार्थनेची वेळ आणि सकाळचे चालणे सोडू नये, भले ते पाच मिनिटांवर येवो. घरात माणसे असताना हे सारे मागे पडते, आणि ती परत गेल्यावर आपण पुन्हा पहिल्या दिवसापाशी येऊन उभे राहतो. मी पहिल्या भेटीत ही चूक केली. दुसऱ्या खेपेला नातीलाच चालायला बरोबर नेले. पाच आवाजांच्या खेळात तिने सातवर मजल मारली, त्यांतला एक आवाज माझ्या गुडघ्याचा होता.

दुसरा निरोप पहिल्यापेक्षा कठीण जातो, कारण आता पुढचे महिने कसे जातात ते आपल्याला ठाऊक असते. त्या दिवसाची आखणी आधीच करावी. त्यांना सोडून थेट घरी येऊ नये. वाटेत कुठे झाडे असतील तिथे अर्धा तास चालावे आणि मगच दार उघडावे. रात्रीची प्रार्थना नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच जागी करावी, त्या दिवशी नुसती नावे घेतली तरी पुरे. कळीला पाणी हवे आहे का, ते बोट घालून पाहावे. आणि पाहुण्यांची खोली त्याच संध्याकाळी आवरायला घेऊ नये. चादरी दुसऱ्या दिवशी धुतल्या तरी चालतात.